रोज एक पान

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मोडी लिपी शिकल्यापासून नोकरीत मन रमत नाही, परंतु ही आपली खरी आवड आहे की नव्याची नवलाई हे उमगत नाही, आणि ते उमगल्याखेरीज राजीनाम्याचा निर्णय होत नाही, असे तू लिहितेस. आवडीविषयी इतके लिहिलेस. गेल्या महिन्यात कोणता कागद वाचलास याबद्दल मात्र अवाक्षर नाही. मला राग आला तो त्याचा.

आवड पारखण्याची माझ्यापाशी एकच रीत आहे: रोज एक पान वाच. सणावारी वाच, ऑफिसात बोलणी खाऊन आलीस तरी वाच. पहिले काही महिने मोडी कोणालाही भुलवते. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचे, ही त्या लिपीची ऐटच तशी आहे. पुढे दप्तराचा रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचे कापडात बांधलेले गाठोडे, सुटतो आणि त्यातून लढायांची वर्णने क्वचितच निघतात; निघतात ते घोड्यांच्या चंदीचे, गवताचे आणि शिबंदीच्या पगाराचे हिशेब. दोन शब्दांत जागा नसते, विरामचिन्ह नसते, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो आणि धुळीने नाक चोंदते. पुष्कळजण इथेच गळतात. चंदीचा हिशेब वाचूनही ज्याला उद्या पुन्हा बसावेसे वाटते, त्याला आपली आवड खरी की खोटी हा प्रश्न पडायला सवडच नसते. म्हणून म्हणतो, रोज एक पान.

तू इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचा दाखला दिला आहेस. संसाराचा पाश न ठेवता ते दप्तरांसाठी गावोगाव हिंडले, हे खरे आहे. (त्यांचा तऱ्हेवाईकपणा उचललेले लोक मी पुष्कळ पाहिले; त्यांची पायपीट उचललेला अजून भेटायचा आहे.) परंतु ज्या १८९८ साली त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या कागदसंग्रहाचा पहिला खंड निघाला, त्याच साली गोविंद सखाराम सरदेसायांच्या 'रियासत' या इतिहासग्रंथमालेचा पहिला भाग प्रसिद्ध झाला, आणि सरदेसाई तेव्हा बडोद्यास सयाजीरावांच्या चाकरीत होते. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे, राजपुत्रांना शिकवणे, त्यांच्याबरोबर प्रवास करणे, हे सांभाळून त्यांनी लिहिले. १९२५ मध्ये निवृत्त होऊन ते कामशेतला राहायला गेले आणि १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली बाहेर पडले. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे तर शाळेत संस्कृत शिकवत, आणि पटवर्धन सरदारांच्या घराण्याचे जुने कागद त्यांनी ती शिक्षकी करतच लावले. या दोघांचे दाखले तुला का सुचले नाहीत? राजीनाम्यात जो थरार आहे तो त्यांच्यात नाही, म्हणूनच ना?

मी बँकेची नोकरी सोडली नाही. मित्रांनी मला भित्रा म्हटले, अजूनही म्हणतात. घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते, धाकट्या बहिणींची शिक्षणे व्हायची होती. पण एवढेच कारण सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पगार हाती होता म्हणूनच, आपल्या पूर्वजाला अमुक लढाईत उभे करा असे सांगत पाकीट पुढे करणाऱ्या गृहस्थांना मी दार दाखवू शकलो. पोटासाठी मोडी वाचणाऱ्यांवर काय वेळ येते, ते मी जवळून पाहिले आहे. खंत आहे ती वेगळी. बदलीच्या गावी असताना काही वर्षे मी 'निवृत्तीनंतर सवडीने बघू' म्हणत रुमालांना हात लावला नाही, आणि त्याच काळात शेजारच्या वाड्यातले दप्तर माळ्यावर वाळवीने खाल्ले. ते वाचायला नोकरी सोडण्याची गरज नव्हती. जेवणानंतरचा एक तास पुरला असता.

तेव्हा रोज एक पान, आणि तेही नीट. दिवाळीपूर्वी पाठवलेल्या लिप्यंतरात तू सालाच्या जागी 'खमस सबैन मया व अलफ' असे वाचले आहेस. मूळ छायाचित्र मोठे करून पाहा, तिथे 'सितैन' आहे. हे अरबी अंक आहेत: खमस पाच, मया शंभर, अलफ हजार; सबैन म्हणजे सत्तर आणि सितैन म्हणजे साठ. तेव्हा शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली कालगणना) ११६५ म्हणजे इसवी सन १७६४-६५. तुझ्या वाचनाने थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतला कागद दहा वर्षे पुढे सरकून सवाई माधवरावांच्या पाळण्यापाशी गेला आहे. शेवटच्या ओळीतला 'छ' तू पुढच्या शब्दाला जोडलास. तो चांद्रमासाच्या तारखेआधीचा 'छ' आहे, त्यापुढचा आकडा आणि महिना सुटे लिही. त्याच कागदाच्या पाठीवर बारीक अक्षरात दोन ओळी आहेत, त्या तू वाचलेल्याच दिसत नाहीत. त्या वाचून रविवारपर्यंत पाठव.