बाविसाव्या देशात बायको झोपली

प्रिय ताई,

लग्नाला सात वर्षं झाली, मुलगी पाच वर्षांची आहे. बाहेर जाणं जमत नाही, म्हणून गेल्या वर्षी ठरवलं: दर शनिवारी मुलगी झोपली की घरीच डेट नाइट. एक शनिवार, एक देश, एक सिनेमा. मी एक्सेलमध्ये यादी केली आहे, बावीस देश झाले. पण बायको पंधरा-वीस मिनिटांत झोपते. परवा जपानचा 'टोकियो स्टोरी' लावला, तर म्हातारा-म्हातारी मुलाच्या घरी टेकतात न टेकतात तोच ही घोरायला लागली. लग्नाच्या वाढदिवसाला लावलेला इराणचा 'अ सेपरेशन' मात्र तिने शेवटपर्यंत पाहिला. पण नंतर तासभर त्यातल्या कामवाल्या बाईबद्दलच बोलत राहिली, दिग्दर्शनाबद्दल अवाक्षर नाही. तिला सिनेमात रस नाही की माझ्यात?

ता. क. एक हंगेरियन सिनेमा सात तासांचा आहे. दोन शनिवारांत विभागून पाहिला तर चालेल का?

— एकटाच जागा, डोंबिवली

एकटाच जागा यांस,

लग्नाच्या वाढदिवसाला 'अ सेपरेशन'! अहो, पहिल्याच प्रसंगात नवरा-बायको न्यायाधीशापुढे बसलेत आणि ती घटस्फोट मागतेय. त्या उठून माहेरी गेल्या नाहीत, यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं.

उरलेलं अर्धं तुम्हीच लिहून पाठवलंय आणि तुमच्या लक्षात आलेलं नाही. त्या सिनेमातली ती कामवाली बाई पोटुशी आहे, लहान मुलीला सोबत घेऊन लांबून बसने कामाला येते, नवऱ्याला न सांगता. ज्या म्हाताऱ्याला ती सांभाळते त्याचे कपडे घाण होतात, तेव्हा ते बदलले तर पाप लागेल का, हे ती फोन करून विचारते. तुमच्या बायकोने तासभर तिच्याबद्दल बोलावं, याहून चांगली दाद दिग्दर्शक फरहादींना कोणती मिळणार? दिग्दर्शन दिग्दर्शन म्हणतात ते हेच: २०११ च्या सिनेमातली तेहरानची एक बाई डोंबिवलीतल्या बाईच्या मनात घुसून बसली. बावीस शनिवारांतली खरी डेट नाइट तीच एक होती आणि तुम्ही तिथे परीक्षक होऊन बसलात.

आता झोपेचं. तुमच्या पत्रात देश आहेत, यादी आहे, पण शनिवारी रात्री दहा वाजेपर्यंत घरात कोण काय करत होतं, हे नाही. मुलीला कोणी निजवलं? ओटा कोणी पुसला? उद्याचे छोले कोणी भिजत घातले? मी तुमच्या घरात डोकावलेले नाही, तेव्हा आरोप करत नाही. विचारतेय.

आपल्याकडे बायका टीव्ही बघत नाहीत, ऐकतात. मेथी निवडता निवडता, कपड्यांच्या घड्या घालता घालता अख्खी मालिका कानांनी पार पडते. परदेशी सिनेमात ती सोय नाही. नजर हलली की सबटायटल गेलं, म्हणजे हातातलं काम बाजूला ठेवून, अंधारात, मऊ सोफ्यावर, गप्प बसायचं. पहाटे साडेपाचला उठलेल्या माणसाला असं कुठेही बसवा, तो झोपेल. मी तर देवळात कीर्तनाला झोपलेय.

सबटायटलवरून आणखी एक. ती इंग्रजीत असतात. कामापुरतं इंग्रजी उत्तम येणारी माणसंसुद्धा पाच सेकंदांत दोन ओळी वाचून, वर चेहराही बघायचा म्हटलं की दमतात, आणि हे नवऱ्यापुढे कबूल करायला कानकोंडं होतं. त्यांना तसं होत असेलच असं नाही. पण एकदा विचारा, तेही परीक्षा घेतल्यासारखं नको. हिंदी डबिंग मिळत असेल तर लावा. शुद्धतेचा आग्रह एकटे असताना धरा.

'टोकियो स्टोरी'त झोप लागली, याचा राग मुळीच धरू नका. सव्वादोन तासांचा, १९५३ चा सिनेमा. दिग्दर्शक ओझू कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर ठेवतात आणि मग तो फारसा हलवत नाहीत. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पंचवीसची होते, फिल्म सोसायटीच्या लोखंडी खुर्चीवर, आणि मीही झोपले. शेजारी हे होते, तेही झोपले. एकमेकांना आम्ही दहा वर्षांनी सांगितलं! पुढे सासूबाई गेल्या त्या वर्षी पुन्हा पाहिला, तेव्हा मला जागेवरून उठवेना. शिवाय इराणचे दिग्दर्शक किआरोस्तामी यांनीच म्हणून ठेवलंय की प्रेक्षकाला थिएटरात झोप लागू देणारे सिनेमे त्यांना जास्त आवडतात. तुमच्या एक्सेलला हे चालेल का, माहीत नाही.

ती यादी थोडे दिवस मिटून ठेवा. देश काही पळून जात नाहीत. या शनिवारी निवड त्यांची, आणि त्यांनी पाठ झालेला जुना मराठी सिनेमा लावला तर 'हा आपल्या यादीत बसत नाही' हे वाक्य तोंडातून काढू नका. पुढचा तुम्हीच निवडायचा असेल तर 'चिल्ड्रन ऑफ हेवन' घ्या. १९९७ चा, पुन्हा इराणचाच (एका देशाचा दुसरा सिनेमा पाहिला तर दंड बसत नाही). दीड तासाच्या आत संपतो. भाऊ-बहीण आणि दोघांत मिळून बुटांचा एकच जोड. सबटायटल चुकलं तरी गोष्ट चुकत नाही. किंवा १९८७ चा डॅनिश 'बॅबेट्स फीस्ट'. पॅरिसहून परागंदा होऊन एका आडगावात स्वयंपाकीण झालेल्या बाईला लॉटरी लागते आणि ती सगळे पैसे एका जेवणावर उधळते. सुरुवात संथ आहे, पण ज्याने कधी चार माणसांचं रांधलंय त्याला शेवटचं जेवण बघताना डोळे मिटवत नाहीत. आधी जेवून बसा, नाहीतर अर्ध्यात उठून अंडी फोडाल.

वेळही बदलून बघा. रात्री दहाऐवजी रविवारी दुपारी, मुलगी आजीकडे किंवा शेजारी खेळायला गेली असताना. पडदे ओढले की दुपारीही अंधार होतो. आणि तरीही झोप लागलीच, तर सिनेमा थांबवा, पांघरूण घाला, आवाज बंद करा. उठवून 'पुढे काय झालं सांगू का?' विचारू नका.

ता. क. चं उत्तर: हंगेरियन सिनेमा बघा, जरूर बघा. एकट्याने, हेडफोन लावून. सात तास लागणार आहेत, तेव्हा कुकर आधी लावून ठेवा.

— ताई