पीटरने हॅनेला बघितलं की हॅनेने पीटरला?

प्रश्न असा आलाय की डॅनिशमधे नामांना आपल्यासारखं ने-ला लागत नाही, मग 'पीटर सो हॅने' (सो म्हणजे बघितलं) यात कोणी कोणाला बघितलं ते कळतं कसं, इंग्रजीसारखं पहिला तो कर्ता समजायचं का. तसं समजलात तर बऱ्याचदा जमेल, पण फसाल पण. आणि 'डॅनिशमधे क्रियापद दुसरा शब्द असतो' हे आता बास करा हो, ज्याच्या त्याच्या तोंडी तेच! दुसरा शब्द नाही, दुसरी जागा. 'काल संध्याकाळी स्टेशनवर' एवढं सगळं पहिल्या एका जागेत मावतं, मग क्रियापद आणि कर्ता त्याच्या मागे.

त्या पहिल्या जागेत कर्म पण बसतं, खरी गंमत तिथेच. आधी कोणी म्हणालं असेल की 'ओलेला कोणीच बघितलं नाही' (ओले हे तिथलं पुरुषाचं नाव), तर पुढचं 'पीटर सो हॅने' म्हणजे पीटरला मात्र हॅनेने बघितलं असं सहज लागू शकतं. मागचं काहीच नसेल तर लोक पीटरलाच कर्ता धरतात. 'वेम सो पीटर?' तर सरळ दुहेरी आहे, पीटरला कोणी बघितलं किंवा पीटरने कोणाला. वाक्यात नकाराचा 'इके' आला की सुटका होते: 'पीटर सो इके हॅने' मधे बघणारा पीटर, 'पीटर सो हॅने इके' मधे हॅने. मी-मला, तो-त्याला यांची रूपं अजून वेगळी आहेत (याय-माय, हॅन-हॅम) म्हणून तिथे भांडण नाही.

काही पुस्तकं सांगतात की कर्म पुढे आणतात ते फक्त जोर द्यायला. साफ चूक! 'मला नाही माहीत' हे डॅनिश माणूस 'दे वेद याय इके' असं म्हणतो, शब्दशः 'ते जाणतो मी नाही', कर्म सगळ्यात पुढे आणि जोर शून्य. ते 'दे' मागच्या बोलण्याला हात धरून आलंय, बस. डॅनिश व्याकरणकार पॉल डिडेरिक्सनने १९४६ च्या व्याकरणात त्या पहिल्या जागेला 'फुंडामेंट' म्हणजे पाया म्हटलंय, ते मला जास्त पटतं.

पण माझं लाडकं वाक्य वेगळंच आहे. कोपनहेगनच्या न्युटॉर्व चौकातल्या कोर्टावर कोरलंय 'मे लॉव स्कॅल मॅन लॅन ब्युगे', १२४१ च्या युटलंडच्या (डेन्मार्कचाच एक भाग) कायद्याची सुरुवात. कायद्याने - पाहिजे - माणसाने - देश - बांधायला. ते 'पाहिजे' शेवटी ढकला की झालं की हो मराठी, कर्म आधी आणि क्रिया नंतर! माझं मत असं की जुन्या डॅनिशमधे विभक्ती होत्या तोवर ही मोकळीक परवडत होती, त्या झिजल्या तशी जागा पक्की होत गेली. विभक्तीचे अवशेष 'टिल बोर्स' (जेवणाच्या टेबलाशी) मधल्या त्या शेवटच्या स मधे अजून आहेत, जुन्या षष्ठीचा स तो. आज तेच कोर्टाचं वाक्य नव्याने लिहायचं तर 'ब्युगे लॅन' असंच होईल, देश मागे.