मधाला माडीचा वास का येतो?

प्रश्न: आमच्या गावातल्या मधपेटीवाल्याकडून मे महिन्यात सातेरी माशीचा दोन किलो मध घेतला होता. गणपतीत झाकण उघडलं तर फस्स आवाज, वर फेस आणि चक्क माडीसारखा वास. सासूबाई म्हणतात पाक मिसळलाय त्याने. मुलगा म्हणतो ही तर मीड झाली, लोक पैसे देऊन पितात. खरं काय?
– एक वाचक, देवगड

उत्तर: ताई, आधी त्या मधवाल्यावरचा राग काढून टाका. मध आंबला म्हणजे भेसळच, असं अजिबात नाही. मधात यीस्ट मुळातच असतं, फुलांवरून माशीबरोबर आलेलं, पण साखर इतकी दाट की त्याला काही करता येत नाही. पाणी 18 टक्क्यांच्या आत असेल तर मध वर्षानुवर्षं टिकतो, 20 च्या वर गेलं की यीस्ट कामाला लागलंच समजा. आता आपल्याकडचा पाऊस बघा, डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं तिथे मध कसा राहील, तो तर हवेतला ओलावा ओढून घेतो, त्यात सातेरीचा मध मुळात पातळ, आणि पोळ्यातल्या घरांवर मेणाचं झाकण बसायच्या आधीच काढला असेल तर झालंच.

मुलगा अर्धा बरोबर आहे. मीड म्हणजे मधात पाणी घालून मुद्दाम आंबवलेली दारू. पण माडी सकाळी गोड आणि दुपारी चढलेली असते, तसं मीडचं होत नाही, कारण यीस्टला लागणारा नायट्रोजन मधात फार कमी, म्हणून आठवडे जातात, मुरायला महिने. तुमच्या बरणीत झालाय तो नुसता बिघडलेला मध. पण माणसाला ही दारू अशीच कुठेतरी, पावसाचं पाणी शिरलेल्या मधातून सापडली असावी असं मला मनापासून वाटतं. चीनमध्ये जियाहू इथे 9000 वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळं एकत्र आंबवल्याच्या खुणा मिळाल्यात! आणि शब्द बघा, आपलं मधु, इंग्रजीतलं मीड, रशियनमधलं म्योद, सगळी एकाच मुळाची भावंडं. ऋग्वेदात विष्णूच्या परमपदी मधाचा झरा आहे असं म्हटलंय.

मग मीड मागे का पडली? मध महाग, बियर स्वस्त, इतकं सरळ. तरी इथिओपियात गेशो नावाच्या झुडपाची पानं घालून तेज नावाची मीड अजून करतात, पोलंडमध्ये मध-पाण्याच्या प्रमाणावरून मीडची नावं ठरतात, एक भाग मधाला दोन भाग पाणी असेल तर त्रुयन्याक. आपल्याकडे नाशिकला सेराना मीड्स ही मीड बनवणारी कंपनी आहे, नाव आपल्या सातेरीच्या शास्त्रीय नावावरून, एपिस सेराना. मला या पेयाची ओढ वाटते ती एवढ्यासाठी की साखर सगळी आंबून गेली तरी फुलाचा वास मागे राहतो. जांभळाच्या मधाची मीड मी एकदा चाखली, गोडवा जवळपास नव्हताच पण गिळल्यावर घशात जांभळाचा तुरटपणा आला, तो अजून आठवतो.

तुमची बरणी मात्र घट्ट बंद करू नका, गॅस साठून काच फुटेल. तो मध आता खाऊ नका. पुढच्या वेळी छोट्या बाटल्यांत भरा आणि कोरडाच चमचा घाला. आणि मुलाला सांगा, घरी दारू करायला लायसन लागतं, 1949 चा दारूबंदी कायदा आहे.

प्रश्न: हनिमून हा शब्द मीडवरून आला ना? नवीन जोडप्याला महिनाभर मीड पाजायचे म्हणे.
– एक वाचक, गुहागर

उत्तर: ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण तिला जुना पुरावा नाही. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात दिसतो आणि तिथे अर्थ असा की सुरुवातीचं प्रेम मधासारखं गोड, मग चंद्रासारखं कमी होत जाणारं. लग्नातला खराखुरा जुना मध हवा असेल तर आपला मधुपर्क आहे की, मांडवात आलेल्या नवऱ्या मुलाला दही-मध देतात तो. गृह्यसूत्रांत, म्हणजे घरच्या संस्कारांच्या जुन्या ग्रंथांत आहे तो.