मलय साहित्याचा सामाजिक बदलाशी आणि मलय अस्मितेशी काय संबंध आहे?

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, माझ्या मते, एका जुन्या कथेच्या बदलत गेलेल्या वाचनात सर्वांत स्पष्ट दिसते. ‘हिकायत हांग तुआ’मध्ये मलाक्का या मलय द्वीपकल्पावरील जुन्या राज्याचा सुलतान खोट्या आरोपावरून आपला पराक्रमी सरदार हांग तुआ याला देहदंड फर्मावतो, पण बेंडाहारा, म्हणजे प्रधान, त्याला गुपचूप लपवून ठेवतो. मित्र मारला गेला असे समजून हांग जेबात बंड करतो आणि राजवाडा बळकावतो. पस्तावलेला सुलतान तुआला परत बोलावतो, तेव्हा तुआ त्याच राजासाठी, आपल्याकरिता पेटून उठलेल्या मित्राला ठार मारतो. मला तरी या दोघांपेक्षा बेंडाहाराच शहाणा वाटतो, पण मलय समाजाने पिढ्यान्‌पिढ्या आदर्श मानला तो तुआच्या राजनिष्ठेचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही नजर पालटली. १९५० मध्ये सिंगापुरात स्थापन झालेल्या ‘आसास ५०’ या लेखकसंघटनेने ‘समाजासाठी कला’ अशी भूमिका घेतली आणि केरिस मास, उस्मान आवांग यांच्यासारख्या तिच्या लेखकांनी गरीब शेतकरी व कष्टकरी यांना साहित्याच्या मध्यभागी आणले. १९५६ च्या ‘हांग तुआ’ चित्रपटाच्या शेवटी (त्याचे दिग्दर्शक हिंदी चित्रपटसृष्टीतले फणी मजुमदार) खरे कोणाचे, हा प्रश्न तुआलाच पडतो. मलाया (आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पीय भाग) १९५७ मध्ये स्वतंत्र झाला, आणि दोनच वर्षांनी कासिम अहमद यांनी आपल्या प्रबंधात खरा नायक जेबातच, असे मांडले. १९६१ मध्ये उस्मान आवांग यांच्या नाटकातही जेबात वीर म्हणूनच मरतो. राजाच्या प्रजेला नागरिकत्व मिळाल्यावर बंडखोराचा न्याय नव्याने होणे साहजिक होते.

अस्मितेचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण मलय कोण हे मलेशियाची राज्यघटनाच १६० व्या कलमात इस्लाम धर्म, मलय भाषा आणि मलय रीतिरिवाज यांच्या आधारे ठरवते. मग मलय भाषेतल्या साहित्यात चिनी आणि भारतीय वंशाच्या नागरिकांची जागा कोणती? अब्दुल्ला हुसेन यांच्या ‘इंटरलोक’ (१९७१) या कादंबरीने तिन्ही समाजांतील कुटुंबे एकत्र गुंफली. हेतू ऐक्याचाच होता. तरीही ती शाळांत लावल्यावर भारतीय पात्रांच्या जातीविषयीच्या उल्लेखांवरून भारतीय वंशाच्या नागरिकांनी तीव्र आक्षेप घेतला, आणि २०११ च्या अखेरीस सरकारला ती अभ्यासक्रमातून मागे घेण्याचा निर्णय करावा लागला.