हिमालयात शांत धार शोधताय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : दादा, आम्ही चौघं मित्र, पंचेचाळीस ते बावन्न वयाचे, ठाण्यात मानपाड्याला राहतो. सह्याद्री बऱ्यापैकी पालथा घातलाय. गेल्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, एका ट्रेकिंग कंपनीबरोबर उत्तराखंडातला केदारकंठा केला. डोंगर सुंदरच, पण शिखरावर फोटोसाठी रांग, कॅम्पवर रात्री स्पीकर, आणि पहाटे टॉर्चची नुसती माळ. आता आम्हाला चार-पाच दिवस निवांत धारेवरून, म्हणजे डोंगराच्या कण्यावरून, चालायचंय, समोर बर्फाची शिखरं दिसली पाहिजेत आणि माणसं कमीत कमी. अशी जागा उरलीय का? आणि कधी जावं, एप्रिल-मे की दिवाळीनंतर?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : उरलीय, भरपूर उरलीय. पण आधी एक सांगतो, कारण तुमचं सगळं प्लॅनिंग त्यावर ठरणार आहे. केदारकंठ्याला गर्दी होते ती तारखांमुळे. सगळ्या ग्रुपचं बेस गाव सांकरी, सगळ्यांचे कॅम्प ठरलेले, शिखराला निघायची वेळ तीच, आणि त्यात तुम्ही गेलात नाताळ ते एक जानेवारीच्या आसपास. तेव्हा तिथे दुसरं काही दिसणारच नव्हतं. म्हणून जागेच्या आधी तारीख ठरवा. दिवाळीची सुट्टी असते तेव्हा अर्धा महाराष्ट्र उत्तराखंडात असतो, त्याआधी दुर्गापूजेला बंगाली मंडळी असतात, आणि दिल्लीजवळच्या डोंगरांवर, म्हणजे नागटिब्बा वगैरे, प्रत्येक शनिवार-रविवार. हे तीन टाळले तरी अर्धं काम झालं. मला विचाराल तर दिवाळीची सुट्टी संपल्यावरचे दोन आठवडे. शाळा सुरू झालेल्या असतात, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, आणि मोठा बर्फ बहुतेक वेळा अजून पडलेला नसतो. थंडी मात्र कडक, ती तयारी ठेवा.

एप्रिल-मे वाईट नाही. बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो, जंगलंच्या जंगलं लाल. पण दुपारनंतर ढग चढतात, गडगडाट होतो, आणि धारेवर असताना वीज ही गंमतीची गोष्ट नाही. त्या दिवसात पहाटे लवकर निघायचं आणि दुपारी बाराच्या आत उघड्या धारेवरून खाली झाडीत यायचं, यात सूट नाही.

आता जागा. माझी पहिली पसंती कुमाऊंमधलं मुनस्यारी आणि तिथला खलिया टॉप. मुनस्यारी साधारण २२०० मीटरवर आणि खलिया ३५०० च्या आसपास. मुनस्यारीच्या अलीकडे थलच्या रस्त्यावरूनच वाट सुटते, आधी बांज (ओक) आणि बुरांसचं दाट जंगल, मग झाडं अचानक संपतात आणि तुम्ही गवताच्या उघड्या पाठीवर येता. समोर गोरीगंगेची दरी आणि दरीच्या पलीकडे पंचाचुलीची पाचही शिखरं, सगळ्यात उंच ६९०४ मीटर. मधे काहीच आड येत नाही. संध्याकाळी ऊन उतरायला लागलं की दरी आधी काळी होते, मग खालची जंगलं, आणि शिखरं मात्र त्यानंतरही बराच वेळ पेटलेली राहतात, तेवढ्यासाठी तरी वरती एक मुक्काम कराच. बरेच लोक एका दिवसात वर जाऊन खाली येतात, तुम्ही तसं करू नका. अर्ध्या वाटेवर कुमाऊं मंडल विकास निगमची राहायची सोय आहे, तिथे एक रात्र काढा, दुसऱ्या दिवशी वर जाऊन पुढे झीरो पॉइंटच्या बाजूला धारेवरून जमेल तेवढं चाला, परत त्याच जागी मुक्काम. तुमच्या चार-पाच दिवसांतले उरलेले मुनस्यारीच्या आजूबाजूच्या गावांत घालवा, ते फुकट जाणार नाहीत.

जायला लांब आहे हे खरं. ठाण्याहून किंवा कल्याणहून गाडीने दिल्ली, दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्स्प्रेस, पहाटे काठगोदाम, आणि तिथून पुढे अख्खा दिवस वळणं. शेअर जीप मिळतात पण पहाटे सुटतात. चौकोरीला किंवा अल्मोड्याला एक मुक्काम टाकला तर अंगही मोडत नाही आणि उंचीची सवयही होते. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, आधीसारखं १२० नाही, त्यामुळे तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा. आणि हा लांबचा प्रवासच त्या डोंगराला गर्दीपासून वाचवतो, म्हणून मला तरी त्याची तक्रार नाही.

सलग चालायचंच असेल तर दुसरा पर्याय देवरियाताल ते चंद्रशिला. सारी गावातून चढायचं, देवरियाताल, मग जंगलातून रोहिणी बुग्यालच्या (बुग्याल म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण) बाजूने चोपता, आणि शेवटी तुंगनाथ मंदिर करून चंद्रशिला, साधारण ३७०० मीटर. चौखंबा शिखर (७१३८ मीटर) जवळजवळ सतत सोबत असतो. चोपता ते तुंगनाथ हा टप्पा यात्रेच्या दिवसांत भरलेला असतो, पण मंदिराचे कपाट, म्हणजे दरवाजे, हिवाळ्यासाठी बंद झाले की ती वाट एकदम मोकळी होते. मधला जंगलाचा भाग तर एरवीही शांतच, कारण बहुतेक लोक गाडीने थेट चोपत्याला येतात. हे केदारनाथ अभयारण्यात येतं, वन विभागाची परवानगी घ्या.

दार्जिलिंगजवळची सिंगालीला धार, म्हणजे मानेभंजन ते संदकफू (३६३६ मीटर) आणि पुढे फालुत, हिच्याबद्दल बरेच जण विचारतात. एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि कांचनजंगा एका धारेवरून, याला तोड नाही. पण संदकफूपर्यंत जीपचा रस्ता आहे आणि तुमच्या शेजारून लँड रोव्हर जात राहतात. शांतता हवी असेल तर ती संदकफू ते फालुत या टप्प्यात, साधारण २१ किलोमीटर, तिथे गाड्या फार कमी. आणि उतरताना गोरखेच्या बाजूने उतरा, आल्या वाटेने परत फिरू नका.

आता तुमच्यासारख्या जुन्या सह्याद्रीवाल्यांसाठी एक खास गोष्ट, पाणी. आपल्याला सवय काय असते, तर गडावर पोचलो की खडकातली टाकी, एखादं तरी पिण्यालायक. म्हणजे पाणी वर, आणि चढताना दीड लिटर खूप झालं. हिमालयाच्या धारेवर उलटं आहे, पाणी खाली ओढ्यात आणि वर ठणठणाट. कुठे खळग्यात साचलेलं असलं तर मेंढ्या तिथे आधी पोचलेल्या असतात. म्हणून मुक्काम शक्यतो धारेच्या माथ्यावर नको, थोडं खाली, वाऱ्याच्या आडोशाला आणि पाण्याजवळ. माणशी तीन लिटरची सोय घेऊनच रोज धारेवर चढायचं. गाईडला पहिला प्रश्न हाच विचारा, की आजचं शेवटचं पाणी कुठे आणि उद्याचं पहिलं कुठे. तो गोंधळला तर त्याने ती वाट अलीकडे केलेली नाही.

प्रश्न : मी नेरुळची, वय अडतीस. मला आणि माझ्या बहिणीला कंपनीशिवाय जायचंय, दोघीच. घरचे म्हणतात डोक्यात काय शिरलंय. गाईड न घेता जीपीएसवर गेलं तर चालेल का? तंबू आमचा आहे.
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : दोघी जा, बिनधास्त जा, पण गाईड न घेता नको, आणि हे मी बायका आहात म्हणून सांगत नाहीये, चार पहिलवान असते तरी हेच सांगितलं असतं. फोनवरचा ट्रॅक तुम्हाला वाट कुठे आहे ते सांगतो. पण बुग्यालवर गवतात मेंढपाळांच्या दहा ढोरवाटा असतात, त्यात धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. धारेला दोन्ही बाजू असतात, आणि चुकीच्या बाजूने उतरलात तर गाव नाही, ओढ्याची खोल घळ लागते. स्थानिक माणसाला कुठल्या सोंडेवरून सुखरूप उतरता येतं ते माहीत असतं, आणि तो ढगाकडे बघून आज पुढे जायचं का नाही तेही सांगतो. थंडीत फोनची बॅटरी किती पटकन उतरते ते तर एकदा तिथे रात्र काढल्याशिवाय खरं वाटत नाही, रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमधे घेऊन झोपायचं.

गाईड शोधायला गावातल्या होमस्टेवाल्यापासून सुरुवात करा. मुक्कामासाठी कुटुंब राहतंय असंच घर निवडा आणि फोनवर घरातल्या बाईंशी बोला, दोन मिनिटांत अंदाज येतो. त्याच गावचा माणूस मिळाला की पैसे गावात राहतात. दर ठरवताना त्याचं जेवण, त्याचा तंबू, त्याची स्लीपिंग बॅग यात धरली आहे का ते स्पष्ट बोलून घ्या, कारण स्वतः उबेत झोपायचं आणि पोर्टर प्लॅस्टिकच्या कागदाखाली, असं मी बघितलंय आणि ते बघवत नाही.

तंबूबद्दल. उत्तराखंड हायकोर्टाने ऑगस्ट २०१८ मधे बुग्यालवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, अली-बेदिनी बुग्यालांच्या केसमधे. त्यामुळे जुन्या वर्णनांत गवताळ कुरणावर तंबूचे फोटो दिसले तरी तसं गृहीत धरू नका, निघायच्या आधी वन विभागाच्या ऑफिसात विचारा की मुक्काम कुठे चालतो. बहुतेक वेळा झाडीच्या हद्दीखाली जागा मिळते, आणि खरं सांगायचं तर झोपायला तीच बरी, वारा कमी. त्या गवताला परत उगवायला वर्षातले मोजके महिनेच मिळतात, आपण खुंट्या ठोकून चर खणून आलो की ती जखम तशीच राहते. त्यामुळे मला हा नियम पटतो.

अजून एक, कोणी परदेशातला नातेवाईक सॅटेलाइट मेसेंजर किंवा सॅटेलाइट फोन देत असेल तर घेऊन जाऊ नका, आपल्याकडे तो परवानगीशिवाय चालत नाही आणि एअरपोर्टवरच अडकाल. गॅसचा कॅनिस्टरही विमानात नेता येत नाही. त्यापेक्षा घरी कागदावर रोजचा मुक्काम, गाईडचा नंबर आणि होमस्टेचा नंबर लिहून ठेवा, आणि कुठल्या दिवशी फोन आला नाही तर काळजी करायची ते ठरवून सांगा. घरच्यांचा विरोध अर्धा तिथेच मावळतो.

प्रश्न : खारघरला राहतो, वय चोपन्न, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. रोज सेंट्रल पार्कला तासभर चालतो. ३५०० मीटरसाठी एवढं पुरेल का? उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी घ्यावी का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : सपाटीवरचं चालणं चांगलं, पण पुरणार नाही. तुम्हाला चढ हवा, उतार हवा, आणि पाठीवर वजन हवं. बिल्डिंगचे जिने आहेतच, लिफ्टने खाली न येता पायी उतरा, कारण गुडघे उतरतानाच बोलायला लागतात. जवळच पारसिक हिल आहे. महिन्यातून दोनदा मोठा चढ करा, ठाकूरवाडीतून प्रबळगड किंवा आसनगावहून माहुली. आणि मुख्य म्हणजे एकदा तरी शनिवार-रविवार सलग दोन दिवस चाला. हिमालयात पहिल्या दिवशी सगळेच जोरात असतात, दुसऱ्या सकाळी बूट घालताना कळतं काय ते.

पण उंचीची प्रॅक्टिस महाराष्ट्रात होत नाही. आपलं सगळ्यात उंच कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे मुनस्यारीच्या बाजारापेक्षाही खाली. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि तो फिटनेस बघत नाही, मॅरेथॉन पळणाऱ्यालाही होतो. त्याला उपाय वेळ. ३००० च्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, असं झालं तर त्या दिवशी वर जायचं नाही. त्रास वाढला, बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, की लगेच खाली, रात्र असली तरी. सकाळी बघू म्हणायचं नाही.

डायमॉक्स चांगली आहे, पण ती मित्राच्या सांगण्यावरून घ्यायची गोळी नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, शिवाय तिने लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात. तुमची बीपीची गोळी कुठल्या प्रकारची आहे हेही महत्त्वाचं, बीटा ब्लॉकर असेल तर चढावर हृदयाची गती हवी तेवढी वाढत नाही आणि तुम्हाला उगाच वाटतं की दम कमी पडतोय, आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर डायमॉक्सबरोबर अंगातलं पाणी अजून कमी होतं. गोळ्यांची पाकिटं घेऊन, जायच्या दीड-दोन महिने आधी, डॉक्टरांसमोर बसा आणि "३५०० मीटरवर झोपणार आहे" हे आकड्यासकट सांगा. नुसतं हिमालयात चाललोय म्हटलं की ते मनालीचं हॉटेल समजतात.

प्रश्न : कॉलेजला आहे, कळव्याला राहतो. मे महिन्यात चार-पाच दिवस, बजेट खूप कमी, पहिलाच हिमालय. शांत धार मिळेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मिळेल. हिमाचलात जलोरी खिंड, साधारण ३१२० मीटर. दिल्ली किंवा चंडीगढहून मनालीच्या बसने औटला उतर, तिथून बंजार, बंजारहून स्थानिक बस किंवा शेअर गाडी. शोजा गावात राहा. जलोरीवरून एका बाजूला पाच किलोमीटरवर सेरोलसर तलाव, सगळी वाट जंगलातून, आणि दुसऱ्या बाजूला धारेवरून रघुपूर गड, पडक्या भिंती आणि चहूबाजूला मोकळं गवत. एक दिवस हा, एक दिवस तो, तंबू नको, पोर्टर नको. शनिवार-रविवार सोडून जा, खिंडीत तेव्हा गाड्यांची रांग असते. दोन मित्र सोबत घे, सकाळी सातला चालायला लाग, दुपारी ढग यायच्या आत परत ये. कॉटनचे टी-शर्ट घरी ठेव, कानटोपी आणि रेनकोट मात्र मे असला तरी बॅगेत पाहिजेच.