ग्लाइड बॉम्ब ‘डागतात’ की ‘सोडतात’?

प्रश्न असा होता : ‘सुखोईने गौरव ग्लाइड बॉम्ब डागला’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘ग्लाइड बॉम्ब’ला, म्हणजे विमानातून सुटल्यावर हवेत विहरत दूरच्या लक्ष्यापर्यंत जाणाऱ्या बॉम्बला, मराठी शब्द कोणता?

आधी क्रियापद. माझ्या मते इथे ‘डागला’ चुकतं. डागणे म्हणजे मुळात तापल्या लोखंडाने चटका देणे. तोफेच्या मागच्या बारीक छिद्राला पेटती वात लावायचे, म्हणून तोफ ‘डागली’ जायची. पुढे क्षेपणास्त्रानेही हेच क्रियापद घेतलं, आणि ते शोभलंही, कारण तिथेही काहीतरी पेटतंच. ‘गौरव’मध्ये पेटायला इंजिनच नाही. १,००० किलो वर्गातला हा डीआरडीओचा बॉम्ब ऑगस्ट २०२४मध्ये ओडिशाच्या किनाऱ्याजवळ सुखोई-३० या लढाऊ विमानावरून सोडला गेला. विमानाने दिलेली उंची आणि वेग एवढंच त्याचं इंधन. कागदी विमान गच्चीवरून सोडतो, तसं. डागत नाही.

अमेरिकेचा जीबीयू-३९ याच जातीचा. सुटल्यावर पाठीवरचे मिटलेले पंख उघडतात आणि तो शंभरेक किलोमीटर जातो. रशियाने तर जुन्या साध्या बॉम्बांनाच पंख आणि दिशा देणारा संच जोडून युक्रेनवर वापरले. तेही ‘सोडले’च. अडचण फ्रान्सच्या ‘हॅमर’ची. त्याला मागे रॉकेट मोटर असते, सुटल्यावर ती पेटते. म्हणजे नावाने बॉम्ब, पण ‘डागला’ म्हटलं तर मी लाल पेन उचलणार नाही!

मग त्याला क्षेपणास्त्र म्हणावं का? व्युत्पत्तीने चालेल, क्षेपण म्हणजे फेकणेच. पण वापराने तो शब्द मिसाइलच्या नावावर केव्हाच चढलाय. त्यामुळे बातमीत ग्लाइड बॉम्बला क्षेपणास्त्र म्हटलं की वाचक इंजिन गृहीत धरतो.

राहिला मराठी शब्द. ‘तरंगता बॉम्ब’ म्हटलं की मला पाण्यातला सुरुंग दिसतो. ‘घसरता’मध्ये घसरगुंडी आहे. ‘पंखी बॉम्ब’ मला आवडला होता, दोन दिवस वापरलाही. पण ‘गौरव’चा धाकटा भाऊ ‘गौतम’ बिनपंखांचा, आणि तोही ग्लाइड बॉम्बच. त्यामुळे नाम ‘ग्लाइड बॉम्ब’ राहू द्या, देवनागरीत. क्रियापद मात्र ‘सोडला’.