40 किलोहर्ट्झपर्यंत वाजणारा स्पीकर घेण्यात काही अर्थ आहे का, कान तर 20 किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो ना?

फक्त त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ ही मर्यादाही तरुण, निरोगी कानाची. वय वाढतं तशी वरची बाजू आधी जाते. मध्यमवयात बऱ्याच जणांना 15 किलोहर्ट्झच्या पुढचं ऐकू येत नाही आणि गाणं ऐकताना ते जाणवतही नाही. पियानोची सर्वांत वरची पट्टीसुद्धा 4186 हर्ट्झचीच. त्यावर असतात ते बहुतेक उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे वरचे स्वर. सीडी तर 22 किलोहर्ट्झच्या आसपास संपतेच.

खरी अडचण खालच्या टोकाला असते. काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची तार साधारण 69 हर्ट्झची. इतक्या खालच्या स्वराला खूप हवा हलवावी लागते, मोबाइलचा इवलासा स्पीकर तेवढी हलवूच शकत नाही, तरी खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो! कारण 69 च्या पटीतले वरचे उपस्वर कानापर्यंत पोहोचतात आणि मूळ स्वर मेंदू स्वतःच भरून काढतो. भरदारपणा मात्र मिळत नाही, त्याला मोठ्या पडद्याचा स्पीकर किंवा सबवूफरच (फक्त खालच्या स्वरांसाठीचा स्पीकर) लागतो.

खोक्यावर ‘20 ते 20,000 हर्ट्झ’ एवढंच छापलेलं असेल तर ती जाहिरात समजा. सोबत ‘±3 डेसिबल’ असं काही लिहिलंय का बघा, म्हणजे त्या सगळ्या पट्ट्यात आवाजाची पातळी 3 डेसिबलपेक्षा जास्त वर-खाली होत नाही. ते नसेल तर 20 हर्ट्झचा आवाज इतका क्षीण असू शकतो की असून नसल्यासारखा.